परदेशात बार शोधण्याची गिरगावी पद्धत

परदेशात चांगला बार शोधणारे प्रवासी दोन प्रकारचे असतात: ज्यांच्या हातात अख्खी संध्याकाळ असते ते, आणि ग्रुप टूरने गेलेले. पहिल्यांच्या सोयीसाठी मार्गदर्शक पुस्तके छापली जातात आणि जगातल्या पन्नास सर्वोत्तम बारांची यादी दर वर्षी निघते. दुसऱ्यांकडे कोणी पाहत नाही. त्यातही गिरगावातून निघालेला प्रवासी पूर्ण दुर्लक्षित आहे. वास्तविक या कामाचे जेवढे पद्धतशीर शिक्षण त्याच्या घराण्यात झालेले असते, तेवढे लंडनच्या बारटेंडरचेही झालेले नसते.

हे शिक्षण सरकारने दिले. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा. १९५० मध्ये राज्यात संपूर्ण दारूबंदी आली तेव्हा गृहखाते मोरारजी देसाई यांच्याकडे होते आणि १९५२ मध्ये तर ते मुख्यमंत्रीच झाले. दारू गेली नाही. तिने फक्त पत्ता बदलला. धोबीतलाव, माझगाव, वांद्रे आणि गिरगावच्या काही गल्ल्यांतून ‘आंटी’ नावाची संस्था उभी राहिली. पुढच्या खोलीत देवाची तसबीर आणि शिवणयंत्र, मागच्या खोलीत दोन बाकडी, उकडलेली अंडी, खारे चणे आणि नवटाकाच्या मापाने मिळणारा घरगुती माल. पाटी नाही, दरपत्रक नाही. नवख्या माणसाला ओळखीच्या गिऱ्हाइकाबरोबरच प्रवेश. दार ठरावीक पद्धतीने वाजवायचे, आवाज चढवायचा नाही, आणि जिन्यावर बुटांचा आवाज आला की मागच्या दाराने निघायचे. साठच्या दशकात वसंतराव नाईकांच्या कारकिर्दीत बंधने सैल झाली, परमिट रूम आली आणि आंटीचा धंदा हळूहळू बसला.

आता जगाकडे पाहावे. १९९९ च्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये साशा पेट्रास्के याने ‘मिल्क अँड हनी’ उघडला. पाटी नाही, फोन नंबर ओळखीच्यांनाच, आणि आत वागण्याचे नियम. या बारने कॉकटेलच्या धंद्याचे वळण बदलले असे जाणकार मानतात. २००७ मध्ये त्याच शहरात ‘पीडीटी’ निघाला. तिथे हॉट डॉगच्या दुकानात शिरून कोपऱ्यातल्या टेलिफोन बूथमध्ये उभे राहायचे आणि फोन उचलायचा, मग मागची भिंत उघडते. बार्सिलोनाच्या ‘पॅराडिसो’मध्ये शिरायचे ते सँडविचच्या दुकानातल्या फ्रिजच्या दारातून, २०२२ मध्ये तो जगात पहिला ठरला. सिंगापूरचा ‘२८ हाँगकाँग स्ट्रीट’ २०११ मध्ये पाटीशिवाय उघडला. थोडक्यात, गिरगावच्या आजोबांनी अब्रू वाचवण्यासाठी जे केले ते आता आगाऊ आरक्षण करून, क्रेडिट कार्डाचा नंबर देऊन करावे लागते. उकडलेले अंडे मात्र यांतल्या कोणी ठेवलेले नाही.

कायदेशीर परंपराही मुंबईत जुनी आहे. ताजमहाल हॉटेलातला हार्बर बार १९३३ चा. पण गिरगावकराच्या दृष्टीने ताज हा परदेशच. बेस्टच्या बसने जाता येते एवढाच फरक. त्याचे पहिले ज्ञान साहित्यिक असते. गडकऱ्यांचा ‘एकच प्याला’ १९१९ पासून रंगभूमीवर आहे आणि त्यातल्या तळीरामाचे आर्यमदिरामंडळ ही मराठी माणसाला माहीत झालेली पहिली सभासदनिष्ठ मद्यसंस्था. साहित्य संघाच्या नाट्यगृहात नाटकाचा नायक सुधाकर याच्या अधःपातावर रडून बाहेर पडलेला प्रेक्षक चर्नी रोड स्टेशनाकडे जाताना वाटेत कुठे थांबत असे, हा स्वतंत्र प्रबंधाचा विषय आहे.

आजची कायदेशीर स्थितीही माणसाला प्रवासासाठी तयार करणारी आहे. कायद्याच्या नावात मुंबईच्या जागी महाराष्ट्र आले, दारूबंदी तशीच राहिली, आणि याच दारूबंदी कायद्याखाली राज्यातली प्रत्येक बाटली विकली जाते. पिणाऱ्याजवळ परवाना हवा: विदेशी मद्याचा एका दिवसाचा पाच रुपयांना, देशीचा दोन रुपयांना, वर्षाचा शंभरला आणि आजन्म हजारला. परवाना देण्याचे कारण आरोग्य. बिअर-वाइनला वयाची २१ वर्षे पुरी असावी लागतात, बाकीच्याला २५. म्हणजे महाराष्ट्रात व्हिस्की आणि लोकसभेची उमेदवारी यांना एकच वय लागते. त्यामुळे अमेरिकेत ओळखपत्र मागितले की गिरगावकर गडबडत नाही. उलट साठी उलटलेल्या गृहस्थाला दारावरच्या धिप्पाड माणसाने वयाचा दाखला मागितला, हा प्रसंग पुढे कित्येक वर्षे वाडीतल्या सत्यनारायणाला सांगितला जातो. सांगताना तो माणूस दर वर्षी थोडा अधिक धिप्पाड होतो.

प्रत्यक्ष शोधात पहिली अडचण वेळेची. मराठी माणसाचा परदेश प्रवास मुख्यतः टूर कंपन्यांनी घडवला; केसरी १९८४ ची, वीणा वर्ल्ड २०१३ ची. या कंपन्यांनी जग आवाक्यात आणले ते जेवणाच्या वेळांसकट आणले. दिवस सहा-सात-आठ या सूत्रावर चालतो: सहाला उठवणे, सातला नाश्ता, आठला बस. रात्रीचे जेवण साडेसातला, भारतीय उपाहारगृहात, गुलाबजामासह. माद्रिदचे लोक जेवायला बसतात ते दहाच्या सुमारास. तेव्हा गिरगावकराने दात घासलेले असतात. शिवाय युरोपातले टूरचे हॉटेल शहरात नसते. ते हमरस्त्यालगत असते आणि आसपास एक पेट्रोल पंप व एक फर्निचरचे दुकान असते. त्या परिसरात रात्री उघडी असणारी जागा म्हणजे हॉटेलचा स्वागतकक्ष, आणि तिथल्या कोपऱ्यातल्या बारमध्ये टूरमधली अर्धी मंडळी आधीच ‘पाय मोकळे करायला’ आलेली असतात.

‘नाइटलाइफ’ या सदराखाली जे दाखवले जाते ते बसच्या काचेतून दिसते. पॅरिसची रोषणाई, सहकुटुंब. १८८९ पासून चालू असलेल्या मुलाँ रूजचा कार्यक्रम ‘ऑप्शनल’ असतो. तो घ्यावा की नाही यावर नवऱ्याचे मत विचारले जात नाही आणि तो देण्याच्या फंदातही पडत नाही. पट्टायाचा अल्काझार शो मात्र सगळे पाहतात, कारण तो तिकिटात धरलेला असतो. आणि मराठी माणूस एकदा पैसे भरलेली गोष्ट नैतिक कारणासाठी सोडत नाही. अॅमस्टरडॅमच्या लाल दिव्यांच्या वस्तीतून झेंड्यामागे रांग लावून जायची जुनी पद्धत होती. तिथल्या महापालिकेने २०२० पासून त्या खिडक्यांसमोरून गटाने फिरवण्यावर बंदी घातली. आता ज्यांना जायचे ते एकेकटे जातात, आणि कोपऱ्यावर एकमेकांना भेटतात.

वेळ मिळालाच तर बार ओळखायचा कसा, हा या विषयाचा गाभा. गिरगावकर यासाठी परमिट रूमची परीक्षा वापरतो आणि ती जवळजवळ कुठेही चुकत नाही. मुख्य चौकातली जागा आधी बाद. व्हेनिसच्या सान मार्को चौकातले ‘फ्लोरियन’ १७२० पासून चालू आहे आणि वाद्यवृंद वाजत असला तर बिलात संगीताचे वेगळे पैसे लागतात. गिरगावकर हे संगीत चौकाच्या मध्यभागी उभा राहून ऐकतो, तिथे ते फुकट आहे आणि जास्त चांगले ऐकू येते. चार भाषांतले आणि फोटो छापलेले मेनूकार्ड बाहेर टांगलेले असेल तर तिथेही शिरू नये. फोनमधल्या नकाशावरचे तारे फारसे उपयोगी नाहीत, कारण ते देणारा प्रवासी बहुधा त्या गावात एकदाच आलेला असतो.

खरी खूण एकच: आत एकटा बसलेला, घाईत नसलेला वयस्क माणूस. गिरगावच्या कुठल्याही बऱ्या परमिट रूममध्ये असा एक ग्राहक असतो. पंख्याखालची जागा त्याची. समोर घडी केलेला पेपर. वेटर त्याला विचारत नाही, आणून ठेवतो. तोही बिल न मागता नेमके पैसे बशीखाली सारून जातो. त्याचा भाऊबंद लिस्बनलाही असतो आणि ओसाकालाही. ज्या जागेत असा माणूस टिकून आहे तिथे माप बरोबर असते, संगीत बोलण्याच्या वर जात नाही आणि कोणी उठवत नाही. झगमगाट पाहून शिरलेला प्रवासी दोन पेयांत बाहेर येतो. या म्हाताऱ्याला पाहून शिरलेला शेवटच्या ऑर्डरपर्यंत बसतो.

पत्ता सांगण्याच्या बाबतीत पॅरिसच्या हॅरीज न्यूयॉर्क बारने मोठी सोय केली. १९११ पासूनचा हा बार ‘र्यू दोनू’ या रस्त्यावर पाच नंबरला आहे. फ्रेंच न येणाऱ्या अमेरिकनांनी टॅक्सीवाल्याला काय म्हणायचे ते त्याने जाहिरातीत उच्चाराबरहुकूम छापले. गिरगावकर तेच चिठ्ठीवर देवनागरीत लिहून घेतो, ‘सँक रू दोनू’, आणि अमेरिकनांपेक्षा बरे म्हणतो.

आत शिरल्यावर मापाचा प्रश्न. परमिट रूममध्ये वेटर टेबलापाशी येऊन ग्राहकाच्या डोळ्यांदेखत पेग मेजर भरतो. जाणते गिऱ्हाईक या वेळी बोलणे थांबवते, मान टेबलाच्या पातळीला आणते आणि द्रव काठाला लागला की नाही ते पाहते. वेटर शेवटचा थेंब ग्लासात झटकतो. तो झटकला नाही तर त्या दिवशी टीप नाही. थर्टी, सिक्स्टी, नाइंटी, क्वार्टर हे त्याचे पाढे. इंग्लंडच्या पबमध्ये कायद्याने माप २५ किंवा ३५ मिलिलिटर, म्हणजे त्याच्या कोष्टकात कुठेच न बसणारे, आणि क्वार्टर नावाची गोष्ट तिथे नाही. याचे दुःख मोठे असते. टोकियोत उलट घडते. तिथला बारटेंडर बर्फाची लादी सुरीने तासून ग्लासात नेमका बसेल असा पारदर्शक तुकडा घडवतो, ग्लास आधी थंड करतो, माप काठोकाठ भरतो, ओततो आणि शेवटचा थेंब झटकतो. गिरगावकर मान खाली आणून हे सगळे पाहत असतो. बारटेंडर त्याला लवून नमस्कार करतो. भाषेवाचून पटण्याचे असे क्षण परराष्ट्र खात्यालाही क्वचित लाभतात.

टोकियोतल्या शिंजुकूमधले गोल्डन गाई गिरगावकरासाठी विशेष. सहा अरुंद गल्ल्या, त्यांत सुमारे २०० बार, आणि एकेका बारमध्ये सहा ते दहा जण मावतात. युरोपीय पाहुणे इथे खांदे आखडून बसतात. पण दहा बाय दहाच्या खोलीत, गणपतीत, सोळा पाहुणे आणि एक हार्मोनियम बसवलेला माणूस आत शिरतो आणि आणखी दोघांना हाक मारतो. अडचण फक्त बसण्याच्या आकाराची येते. बऱ्याच बारमध्ये नुसते टेकण्याचे पैसे लागतात, आणि जपानात कितीतरी ठिकाणी न मागता एक वाटी खाद्य पुढे येते व ते बिलात लागते. न मागता आलेला चखणा फुकट असतो, या मुंबईतल्या मूलभूत हक्कावरचा हा आघात पचायला वेळ लागतो.

चखण्याच्या बाबतीत जगाचे सरळ दोन भाग पडतात. ग्रेनाडात प्रत्येक पेयाबरोबर एक बशी खायला आपोआप येते, पैसे पेयाचेच. मिलानमध्ये संध्याकाळी अपेरितिवोच्या वेळी ऑलिव्ह, वेफर्स, कधी पास्ताही. ही सुसंस्कृत राष्ट्रे. लंडनमध्ये मूठभर दाणे विकत घ्यावे लागतात. तिथे माणसे नुसतीच पितात आणि म्हणूनच त्यांना रस्त्यात गाणी सुचतात, असे गिरगावचे निदान आहे. खबरदारी म्हणून पर्समध्ये भाजणीची चकली असतेच. ती बारच्या काउंटरवर काढावी की नाही यावर घराघरात मतभेद आहेत. काढल्यावर बारटेंडर एक मागून घेतो असा अनुभव सांगणारेही आहेत.

आता कॉकटेल. गिरगावकराचा या प्रकारावर मुळात विश्वास नसतो. परमिट रूममध्ये मिश्रण म्हणजे रम आणि थम्सअप, त्यापलीकडे भेसळ. रंगीत पेयात छत्री खोचलेली दिसली की हलका माल झाकला आहे असे तो धरून चालतो, आणि पर्यटकी बारांबाबत हे बहुतांशी खरेच असते. चांगल्या बारमध्ये मात्र त्याचे दुसरे एक शिक्षण उपयोगी पडते. ‘मिल्क अँड हनी’त मेनूकार्डच नव्हते. गिऱ्हाइकाने आवड सांगायची, बारटेंडरने बनवायचे. ही रीत पुढे अनेकांनी उचलली. या प्रश्नाला काय उत्तर द्यावे हे पुष्कळ प्रवाशांना कळत नाही. गिरगाव चौपाटीवर भेळवाल्यापुढे उभे राहून ‘गोड कमी, आंबट जास्त, वरून लिंबू’ म्हणत वाढलेल्या माणसाला ते विचार न करता येते, आणि बारटेंडरला नेमके हेच हवे असते.

कॉकटेलचा खरा लाभ झाला तो बायकांना. गिरगावच्या परमिट रूमचे दार त्यांनी जन्मभर बाहेरूनच पाहिले. आत फार तर ‘फॅमिली’साठी पोटमाळा, तोही सहसा रिकामा. सिंगापूरच्या रॅफल्स हॉटेलात १९१५ च्या सुमारास न्गियाम तोंग बून या बारटेंडरने सिंगापूर स्लिंग बनवले. त्या काळी बायकांनी चारचौघांत चहा किंवा सरबतच घ्यावे अशी रीत होती, म्हणून त्याने जिन असलेले पेय सरबतासारखे गुलाबी केले, असे हॉटेल सांगते. शंभर वर्षांनंतरही युक्ती जशीच्या तशी चालते. काकू त्याच हॉटेलाच्या लाँग बारमधल्या उंच स्टुलावर बसतात, ‘हे आपले कोकमासारखे दिसते’ म्हणतात आणि अर्धा ग्लास संपेस्तोवर नवऱ्याला चव देत नाहीत. या बारमध्ये टेबलावर पोत्यात भुईमुगाच्या शेंगा असतात आणि फोले जमिनीवर टाकायची प्रथा आहे. १९९२ मध्ये ज्या देशाने च्युइंगगमवर बंदी आणली आणि जिथे कागदाचा कपटा टाकला तरी दंड होतो, तिथे पायाखाली हा कचरा. काकू पहिली पाच-सहा फोले टाकतात; मग वाकून पाहतात, आणि उरलेली कागदी रुमालात गोळा करून ठेवतात.

बिल आले की चलनाचा विषय निघतो. गिरगावकर डॉलरचे रुपये करतो, तिथे थांबत नाही आणि रुपयांचे क्वार्टर करतो. लंडनच्या चांगल्या बारमध्ये कॉकटेल पंधरा-सोळा पौंडांना, म्हणजे सतराशे-अठराशे रुपयांना पडते. त्यात घरी किती क्वार्टर आल्या असत्या हे टेबलावर मोठ्याने सांगणारा एकजण प्रत्येक टूरमध्ये असतो. त्याला पुढच्या देशात बरोबर नेत नाहीत. अमेरिकेत वर वीस टक्के टीप द्यायची, जपानात दिलेली टीप परत आणून देतात. दोन्ही देशांत गिरगावकराला समोरच्याचा अपमान झाल्यासारखे वाटते, फक्त दिशा वेगवेगळी.

नातेवाईक त्या शहरात राहत असतील तर सगळे शास्त्र बाजूला ठेवावे लागते. अमेरिकेत एडिसनला राहणारा भाचा बारला नेत नाही. ‘बाहेर काय, पार्किंग मिळत नाही’ म्हणत तो तळघरात नेतो, जिथे त्याने स्वतः बार बांधला आहे. काउंटर, मागे आरसा, निऑनची पाटी, सगळे आहे. फक्त दुसरे गिऱ्हाईक नाही. तिथे मामांना आग्रहाने ओतले जाते, माप धरले जात नाही, आणि अकराला वरून ‘वरणभात गरम करू का?’ असा आवाज येतो.

बंद होण्याच्या वेळांनी फार त्रास होत नाही. इंग्लंडमध्ये घंटा वाजते. सिंगापुरात २०१५ पासून रात्री साडेदहानंतर उघड्यावर पिता येत नाही. थायलंडमध्ये दुपारी दोन ते पाच दारूविक्री बंद, हा नियम १९७२ पासून कित्येक दशके चालला; ही वेळ कोणी पुणेकराने सुचवली असावी. मुंबईने जानेवारी २०२० मध्ये रात्रभर जागे राहण्याचे धोरण स्वीकारले, त्यात मॉल आणि गिरण्यांच्या आवारातली उपाहारगृहे चोवीस तास उघडी ठेवायची मुभा मिळाली, दारू मात्र दीडपर्यंतच. त्याआधीच गिरगावातला वेटर अर्धे शटर ओढतो आणि सगळ्या ट्यूबलाइटी एकदम लावतो. त्या उजेडात शेजारच्या टेबलावरचा माणूस आपल्याच इमारतीतला आहे हे कळते. परदेशात ही ओळख विमानतळापासूनच असते.

परतीच्या वाटेवरचा शेवटचा टप्पा मुंबई विमानतळावरचे ड्यूटी फ्री दुकान. माणशी दोन लिटर मद्य करमुक्त आणता येते. मर्यादा माणशी आहे, पिणाऱ्या माणशी नाही. त्यामुळे ज्या टूरमध्ये बारा दिवस एकादशीपासून संकष्टीपर्यंत सगळे पाळणाऱ्या आजी असतात, तिथे शेवटच्या तासाभरात त्यांची विचारपूस अचानक वाढते. कोण त्यांची बॅग धरतो, कोण पाणी आणतो. बेल्टवर सामान येण्याआधी पिशव्या पासपोर्टांप्रमाणे वाटून होतात, आणि आजींना एवढेच बजावलेले असते की कस्टमवाल्याने विचारले तर पावती दाखवायची, आणि पिशवी हलवायची नाही.